ऐकणाऱ्याची सावली

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची डॉ. जेकिल आणि मि. हाइड यांची कथा १८८६ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्गात ती शिकवताना 'माणसात दडलेला पशू' असा तिचा सारांश बहुधा सांगितला जातो. आम्हांला तो अपुरा वाटतो. जेकिलच्या मनात हीन वासना आहेत हे कथेचे रहस्य नाही. त्या त्याला स्वतःलाही पुरत्या ठाऊक आहेत. त्याला हवी आहे ती वाटणी. प्रतिष्ठा एकाच्या नावावर आणि भोग दुसऱ्याच्या, अशी मनाची खातेफोड करता आली तर कोणालाच कोणाची लाज बाळगावी लागणार नाही, हा त्याचा हिशेब आहे. पुढचा सर्वनाश होतो तो या हिशेबातून.

या कथेनंतर दहा वर्षांच्या आतच व्हिएन्नातील दोन डॉक्टर हाच प्रश्न रुग्णांच्या संदर्भात विचारू लागले : माणूस स्वतःपासून जे लपवतो, त्याचे करायचे काय? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली. काढून टाकावे, उलगडून दाखवावे, आणि अखेरीस, आपले म्हणून स्वीकारावे. हा प्रवास मानसशास्त्राच्या पुस्तकांत सिद्धान्तांचा इतिहास म्हणून सांगितलेला असतो. आम्हांला तो येथे वेगळ्या बाजूने पाहायचा आहे. आमच्या मते, समोरच्या माणसाला त्याचा दडलेला भाग स्वीकारायला मदत करण्याची विद्या प्रत्येक टप्प्यावर अडली ती ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या दडलेल्या भागापाशी. आणि जेथे ती पुढे सरकली, तेथे बहुतेक वेळा ऐकणाऱ्याला आधी स्वतःकडे पाहणे भाग पडले.

योजेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांचा पहिला संयुक्त लेख १८९३ चा. उन्मादावरील त्यांचे पुस्तक १८९५ मध्ये आले. मनात रुतलेली क्लेशकारक आठवण शरीरात शिरलेल्या परकीय वस्तूसारखी काम करते, अशी उपमा त्यांनी वापरली होती. उपमेतच उपचाराची दिशा ठरलेली होती. काटा रुतला आहे, तो काढायचा. बोलते करायचे, कोंडलेल्या भावनेला वाट करून द्यायची, आणि लक्षण नाहीसे झाले की काम संपले. फ्रॉइडला लवकरच कळून चुकले, की प्रकरण इतके सरळ नाही. जे दडवलेले आहे ते बाहेरून आलेले नसून पुष्कळदा माणसाची स्वतःचीच इच्छा असते, आणि ती दडवणाराही तोच असतो. म्हणजे काटा आणि तळवा एकाच मालकीचे. मग काढायचे काय आणि कोठून?

फ्रॉइडचे पुढचे उत्तर उलगड्याचे होते. स्वप्ने, जिभेची घसरण, लक्षणे हे सारे एक संहिता मानून वाचायचे आणि तिचा अर्थ रुग्णापुढे ठेवायचा. साहित्याच्या अभ्यासकांना ही पद्धत जवळची वाटते, कारण ती आपलीच आहे. म्हणूनच तिची सर्वांत प्रसिद्ध फसगत आपण नीट समजून घ्यायला हवी. ऑक्टोबर १९०० मध्ये इडा बाउअर नावाची अठरा वर्षांची मुलगी वडिलांच्या आग्रहावरून फ्रॉइडकडे आली. फ्रॉइडच्या लेखनात ती 'डोरा' आहे. वडिलांचे एका स्नेह्याच्या पत्नीशी संबंध होते आणि त्या स्नेह्याने डोराशी लगट केली होती. वडिलांनी स्वतःच्या सोयीसाठी आपल्याला त्या माणसाच्या स्वाधीन केल्यासारखे वागावे, याचा तिला संताप होता. फ्रॉइडने तिची हकीकत खोटी मानली नाही, हे त्याचे श्रेय. मात्र तिच्या संतापाखाली त्या माणसाविषयीचे प्रेम दडलेले आहे, हे तो तिला पुनःपुन्हा पटवू लागला. ती 'नाही' म्हणाली की त्या नकारातच त्याला दडलेला होकार दिसे. ३१ डिसेंबर १९०० रोजी, सुमारे अकरा आठवड्यांनंतर, तिने उपचार थांबवले.

हा वृत्तान्त फ्रॉइडने १९०५ मध्ये प्रसिद्ध केला, तोही अपयशाच्या विश्लेषणासह. पूर्वायुष्यातील माणसांविषयीच्या भावना रुग्ण डॉक्टरावर आणून घालतो, ही गोष्ट आपल्या वेळीच ध्यानात आली नाही, असे त्याने लिहिले. त्या स्नेह्याच्या पत्नीविषयी डोराला असलेली ओढ आपण हेरू शकलो नाही, हेही त्याने पुढे नमूद केले. ही कबुली प्रामाणिक आहे, तरी तिच्यात एक जागा रिकामी आहे. संहिता लावणाऱ्याला स्वतःचा अर्थ इतका प्रिय का झाला, हा प्रश्न त्यात नाही. दुसऱ्याचे गुपित त्याच्याआधी आपल्याला कळले, या आनंदात एक सत्ता असते. दुसऱ्याने कपाळी मारलेले सत्य खरे असले तरी ते स्वीकारले जात नाही. ते फक्त लादले जाते.

ती रिकामी जागा चार वर्षांनी भरली गेली, आणि निमित्त झाले कार्ल गुस्ताफ युंग यांचे. झुरिकच्या बुर्घ्योल्झ्ली रुग्णालयात युंग तेव्हा शब्दसाहचर्याचे प्रयोग करत होते. एक शब्द उच्चारायचा, समोरच्याने मनात येईल तो दुसरा शब्द सांगायचा, आणि कोणत्या शब्दापाशी तो अडखळतो याची नोंद घ्यायची. मनात आपल्या आज्ञेत नसलेली, जणू स्वतःच्या मर्जीने चालणारी केंद्रे असतात, हे त्या अडखळण्यांतून दिसत होते. १९०४ मध्ये तेथे साबिना श्पिलराइन ही रशियातून आलेली तरुणी रुग्ण म्हणून दाखल झाली. ती बरी झाली, वैद्यक शिकली, पुढे स्वतः मनोविश्लेषक झाली. दरम्यान तिच्यात आणि युंगमध्ये उपचाराची मर्यादा ओलांडणारे भावबंध निर्माण झाले होते. प्रकरण बाहेर येण्याच्या बेतात असताना जून १९०९ मध्ये फ्रॉइडने युंगला पत्र लिहिले, आणि त्यात प्रथमच ऐकणाऱ्याच्या मनात रुग्णाविषयी उठणाऱ्या भावनांसाठी एक संज्ञा योजली. मराठीत आपण तिला 'प्रतिसंक्रमण' म्हणतो. दुसऱ्याच वर्षी फ्रॉइडने ती जाहीरपणे मांडली. विश्लेषकाने आधी स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे, ही अट १९१२ मध्ये त्याने उचलून धरली आणि तिच्या आग्रहाचे श्रेय झुरिकच्या मंडळींना दिले.

म्हणजे या शास्त्राच्या एका मूलभूत नियमाचा उगम एका तरुण स्त्रीच्या दुखावलेपणात आहे. तिचे नाव मात्र कित्येक दशके त्या इतिहासातून गायब होते. १९७७ मध्ये जिनिव्हात तिची रोजनिशी आणि पत्रे सापडली तेव्हा ते परत आले. दडपणे ही क्रिया जशी मनात चालते तशी शास्त्रांच्या इतिहासातही चालते, याचा याहून बोलका दाखला आम्हांला माहीत नाही.

फ्रॉइड आणि युंग यांचे संबंध १९१३ मध्ये तुटले. त्यानंतरच्या उलथापालथीच्या काळात युंगने स्वतःच्या मनात उठणाऱ्या प्रतिमांशी संवाद केला, त्या लिहिल्या आणि रंगवल्या. ती लाल बाडाची वही २००९ मध्ये छापली गेली. या अनुभवातून सिद्ध झालेल्या त्याच्या विचारात 'छाया' ही कल्पना मध्यवर्ती आहे. आपण स्वतःविषयी जे चित्र जपतो त्यात न बसणारे सारे या छायेत जाते : क्षुद्रपणा, मत्सर, क्रौर्य, आणि त्यांच्या जोडीने न वापरलेले सामर्थ्य, न जगलेली कोवळीक. आपण ते आपले मानत नाही, म्हणून ते दुसऱ्यांच्या अंगावर पडलेले दिसते. शेजाऱ्याचा जो दोष आपल्याला विनाकारण असह्य होतो, तो तपासून पाहावा, असा याचा व्यावहारिक अर्थ.

मराठी वाचकाला येथे एक अडचण जाणवेल. आपल्या परंपरेने काम, क्रोध, मत्सर यांना 'रिपू' म्हटले आहे. शत्रूचा स्वीकार कसा करायचा? आमच्या भाषेतच याचे उत्तर आहे. 'मान्य करणे' आणि 'मान्यता देणे' या दोन वेगळ्या क्रिया आहेत. माझ्या मनात धाकट्या भावाविषयी मत्सर आहे हे मान्य करणे म्हणजे त्या मत्सराने वागायला परवानगी देणे नव्हे. उलट जे मान्यच केलेले नाही, त्याला आवर घालणार कोण? मे १९३२ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे धर्मोपदेशकांपुढे दिलेल्या व्याख्यानात युंगने हाच मुद्दा मांडला. धिक्काराने कोणी मोकळा होत नाही, बदलाला स्वीकारापासूनच आरंभ होतो, आणि आपल्या दारी आलेल्या दीनाला जवळ करणाऱ्याला स्वतःमधला दीन, अपराधी माणूस जवळ करणे फार जड जाते, असा त्याचा आशय होता.

या व्याख्यानानंतर वर्षभरातच जर्मनीत नाझी सत्तेवर आले. १९३३ मध्ये युंगने मानसोपचारकांच्या एका वैद्यकीय संस्थेचे अध्यक्षपद स्वीकारले. तिची जर्मन शाखा राजवटीच्या मुठीत होती. १९३४ मध्ये त्या संस्थेच्या नियतकालिकात त्याने 'ज्यू' आणि 'आर्य' मनांत भेद करणारे लेखन केले. ज्यू सहकाऱ्यांना सभासद राहता यावे म्हणून त्याने नियमांत वाट ठेवली, हे त्याचे समर्थक सांगतात, आणि ते खरे आहे. पण ज्या काळात एका संपूर्ण समाजावर दुसरा समाज आपली छाया लादत होता, त्या काळात छायेची संकल्पना सांगणाऱ्याने असे लिहावे, याची बोच त्याने कमी होत नाही. श्पिलराइन ज्यू होती. १९४२ मध्ये रोस्तोव येथे नाझींनी केलेल्या हत्याकांडात ती आणि तिच्या दोन्ही मुली मारल्या गेल्या. युंगच्या लेखनाने ती मारली गेली असे कोणीही म्हणणार नाही. आम्हांला एवढेच नोंदवायचे आहे, की छाया ओळखण्याची विद्या अवगत असल्याने स्वतःची छाया दिसू लागतेच असे नाही.

येथून कथा अटलांटिक ओलांडते. युद्धाच्या त्याच वर्षांत अमेरिकेत कार्ल रॉजर्स समुपदेशनाच्या बैठका ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित करून तपासत होता. समुपदेशक प्रत्यक्षात काय बोलतो, हे आठवणीवर न सोपवता ऐकता येण्याचा हा अगदी आरंभीचा काळ. समुपदेशक किती बोलतो, किती सुचवतो, किती ढकलतो, हे त्या तबकड्यांतून उघड झाले. १९४२ च्या पुस्तकात रॉजर्सने 'रुग्ण' हा शब्द बाजूला सारून 'क्लायंट' हा शब्द घेतला. मराठीत त्याला अजूनही सोयीचा पर्याय नाही. 'रुग्ण' म्हटले की आजार येतो, 'अशील' म्हटले की कोर्ट. म्हणून आपल्याकडचे समुपदेशकही 'क्लायंट'च म्हणतात. शब्दापेक्षा त्यामागची भूमिका महत्त्वाची. माणसाला त्याचा दडलेला भाग दाखवून द्यायची गरज नाही. न्यायनिवाडा न करणारा, अटी न घालणारा आणि स्वतः मुखवटा न घातलेला श्रोता मिळाला, तर तो भाग आपण होऊन पुढे येतो.

ही तिसरी अट, श्रोत्याच्या सच्चेपणाची, रॉजर्सला स्वतःला महाग पडली. १९४९ च्या सुमारास शिकागोत एका अतिशय अस्वस्थ स्त्रीबरोबर काम करताना त्याचा स्वतःचाच तोल ढळू लागला. तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे सोपवून तो पत्नीसह दोन-तीन महिने शिकागो सोडून गेला. परतल्यावर त्याने आपल्याच केंद्रातील एका सहकाऱ्याकडे क्लायंट म्हणून बसायला सुरुवात केली. इतरांना विनाअट स्वीकारणाऱ्या या माणसाला, आपण स्वतः स्नेहास पात्र आहोत हे मात्र पटत नव्हते. त्याने पुढे हे सारे जाहीरपणे लिहिले. १९५७ चा त्याचा प्रसिद्ध निबंध, ज्यात उपचाराला आवश्यक त्या अटी त्याने मांडल्या, तो या अनुभवानंतरचा आहे.

व्यक्तीच्या मनात जे चालते तेच एका व्यवसायाच्या बाबतीत घडले तर? २ मे १९७२ रोजी डॅलस येथे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात एक माणूस व्यासपीठावर आला. चेहऱ्यावर रबरी मुखवटा, डोक्यावर केसांचा टोप, अंगात ढगळ कोट, आणि आवाज बदलणारा ध्वनिक्षेपक. त्याची ओळख करून देण्यात आली ती 'डॉ. एच. अनॉनिमस' अशी. आपण समलिंगी आहोत आणि मानसोपचारतज्ज्ञ आहोत, असे त्याने सांगितले. त्या वेळी संघटनेच्या आजारांच्या अधिकृत यादीत समलैंगिकता समाविष्ट होती. म्हणजे सभागृहातील तज्ज्ञांच्या नियमाने वक्ता रोगी ठरत होता. हा परिसंवाद घडवून आणण्यात बार्बरा गिटिंग्ज या कार्यकर्तीचा मोठा वाटा होता. समोर येण्याचे धाडस न झालेल्या इतर समलिंगी मानसोपचारतज्ज्ञांची पत्रे तिने तेथे वाचून दाखवली. १५ डिसेंबर १९७३ रोजी संघटनेच्या विश्वस्तांनी ती नोंद यादीतून वगळण्याचा निर्णय घेतला. १९७४ मध्ये सभासदांच्या मतदानातही तो टिकला. मुखवट्यामागचा माणूस जॉन फ्रायर होता, हे त्याने स्वतः त्या संघटनेच्या व्यासपीठावर सांगितले ते १९९४ मध्ये, बावीस वर्षांनी.

संशोधनाचा, चळवळीचा, निदर्शनांचा या बदलात वाटा होताच. तरी डॅलसच्या त्या दृश्याला आम्ही विशेष महत्त्व देतो. क्लायंटचा दडलेला भाग काढून टाकण्याचा प्रयत्न हा व्यवसाय अनेक दशके करत होता, आणि तोच भाग त्याच्या स्वतःच्या सभागृहात मुखवटा घालून बसला होता. जे आपल्यात आहे असे मान्य करता आले नाही, ते समोरच्याचा आजार म्हणून दिसले. युंगच्या छायेचा नियम डॉक्टरांच्या सभेलाही लागू पडला.

पुढील पिढीतील दोन नावे येथे घेतली पाहिजेत. १९८० च्या दशकात कुटुंबोपचार करणाऱ्या रिचर्ड श्वार्ट्झ यांना क्लायंट सांगू लागले, की मनात वेगवेगळे 'भाग' बोलतात. स्वतःला इजा करून घेणाऱ्या एका तरुणीच्या त्या 'भागा'कडून त्यांनी हट्टाने तसे न करण्याचे वचन घेतले. पुढच्या भेटीला ती आली ती अधिक गंभीर जखम घेऊन. तेव्हा हट्ट सोडून त्यांनी त्या भागाला, तू हे कशासाठी करतोस, असे विचारले. आणि एकेकाळी त्यानेच तिला असह्य प्रसंगांतून तारून नेले होते, असे उत्तर मिळाले. श्वार्ट्झ यांनी हा प्रसंग स्वतःच्या पराभवाची गोष्ट म्हणून अनेकदा सांगितला आहे. त्यांच्या पद्धतीची लोकप्रियता तिच्यावरील संशोधनाच्या बरीच पुढे गेली आहे, हे भान ठेवूनही या गोष्टीतले तथ्य उरते. दडलेल्या भागाला हुकूम सोडला तर तो अधिक खोल दडतो किंवा अधिक जोराने उसळतो. विचारले तर तो आपली नोकरी काय होती ते सांगतो.

दुसरे नाव मार्शा लिनेहान यांचे. आत्मनाशाकडे ओढल्या जाणाऱ्या माणसांसाठी स्वीकार आणि बदल यांची सांगड घालणारी उपचारपद्धती त्यांनी १९९३ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. नुसता बदल मागितला तर ही माणसे दुखावतात, नुसता स्वीकार केला तर त्यांचे जगणे तसेच नरकमय राहते, म्हणून दोन्ही एकाच वेळी, हे तिचे सूत्र. त्यांच्या हातांवरचे जुने व्रण पाहून, तुम्ही आमच्यातल्याच का, असे एका क्लायंटने त्यांना विचारले होते. जून २०११ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, लिनेहान यांनी जाहीरपणे होकार दिला. १९६१ मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, ज्या रुग्णालयात त्या दोन वर्षांहून अधिक काळ रुग्ण होत्या, तेथेच उभे राहून.

आपल्या देशातील अलीकडचा एक दाखला याच मालिकेतला आहे. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे दोन तरुणींचे प्रकरण आले. त्या एकत्र राहू इच्छित होत्या आणि आईवडिलांनी पोलिसांत तक्रार केली होती. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी निकाल देण्याआधी या विषयातील स्वतःचे अज्ञान आणि पूर्वग्रह लेखी नोंदवले, आणि एका मानसशास्त्रज्ञाकडे बसून विषय समजून घेतला. न्यायाधीशाने आधी स्वतःला क्लायंटच्या खुर्चीत बसवावे, ही गोष्ट असाधारण आहे. समलैंगिकता 'बरी' करण्याच्या उपचारांना त्या जूनमधील निकालाने मनाई केली, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ चे. अमेरिकन यादीतून ती नोंद जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून ती १९९० मध्ये गेली. त्यामुळे त्या साली मित्रा एखाद्या डॉक्टरकडे गेली असती, तर तिला कोणता कागद मिळाला असता याची कल्पना करता येते. नाटकात ती डॉक्टरकडे नव्हे, बापूकडे बोलते. वर्गात हे नाटक शिकवताना चर्चा मित्राच्या मनावर खिळते. ती अशी का, हा प्रश्न घेऊन आपण तिची संहिता लावत बसतो, जशी फ्रॉइडने डोराची लावली. आम्ही सुचवू इच्छितो, की एकदा बापू हा केंद्र मानून ते वाचावे. त्याला तिचे गुपित ठाऊक आहे, तिच्याविषयी जीव आहे, आणि तरीही ते गुपित आपल्यात कोठे बोचते हे त्याला स्वतःला विचारता येत नाही. अखेर मित्रा आत्महत्या करते आणि गोष्ट सांगायला बापू उरतो. ऐकणाऱ्याने काय ऐकले, कोठे तो थांबला, आणि थांबला तेव्हा कशाला घाबरला, हे प्रश्न विद्यार्थ्यांना विचारता येतील. ते विचारताना शिक्षकालाही ते टाळता येणार नाहीत.